डब्यातलं 'पोषण'

आमच्या भंडाऱ्यातही हल्ली पोरगं जरा गुटगुटीत झालं की वजन उतरवणाऱ्या पावडरी शोधल्या जातात. आणि दुधात चॉकलेटी पावडर? ती चालूच! बोर्नव्हिटात २०२३ पर्यंत शंभर ग्रॅममागे ३७ ग्रॅम वरून घातलेली साखर होती. ओरड झाल्यावर ३२ वर आली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' गटातून काढायला सांगितलं.

मूळ बग तसाच ठेवून वर पॅच मारायचा, असला हा प्रकार. डॉक्टरांनी कमतरता तपासून दिलेलं औषध वेगळं. बाकी तलावांच्या जिल्ह्यात ताजी मासळी, वरण, जवसाची चटणी असताना प्रथिनं डब्यातून कशाला? साखर कमी करा, रोज तासभर मैदानावर सोडा. स्वस्तही पडेल. पटतंय का?