जकात घेतलीत, बंब कोठें आहे?

व्यापाऱ्याचा माल जकातनाक्याच्या आवारांत, सरकारच्या हुकुमानें उभा असतां जळून खाक झाला, तर तें नुकसान कोणीं सोसावयाचें? अफगाणिस्तान व इराण यांच्या सरहद्दीवरील इस्लाम कला या गांवीं सन २०२१ च्या फेब्रुवारींत जो अग्निप्रलय झाला त्यानें हा प्रश्न उभा केला. त्या ज्वाळांचीं चित्रें सर्व जगानें पाहिलीं. पण ज्वाळा विझल्यावर राखेंत उरलेल्या या प्रश्नाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. वर्तमानपत्रांची रीतच अशी कीं, आग लागली म्हणजे धांवावयाचें आणि धूर ओसरला म्हणजे परतावयाचें. ती रीत बाजूस ठेवून आज आम्ही या जुन्या विषयाकडे वळत आहों, कारण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या वखारींशीं त्याचा संबंध आहे.

हेरात शहरापासून हा नाका सुमारें १२० किलोमीटरांवर आहे. पलीकडे इराणचें दोघारून. इराणांतून येणारें इंधन व ज्वालाग्राही वायू याच वाटेनें अफगाणिस्तानांत येत असे. शनिवार ता. १३ फेब्रुवारी २०२१ रोजीं दुपारीं एकच्या सुमारास इंधनाच्या एका टँकरचा स्फोट झाला आणि आग एका गाडीवरून दुसरीवर उड्या घेत गेली. अर्ध्या तासाच्या अंतरानें झालेले दोन स्फोट अंतराळांतील उपग्रहांनीं टिपले, यावरून त्यांचा भयंकरपणा वाचकांनीं ताडावा. ५०० हून अधिक गाड्या जळाल्या, सुमारें ६० माणसें जखमी झालीं, विजेची वाहिनी तुटून इराणकडून मिळणारी १०० मेगावॅट वीज बंद पडली, आणि हेरातचा बराच भाग त्या रात्रीं अंधारांत बुडाला. तेथील व्यापारी मंडळाच्या प्रमुखांनीं नुकसानीचा पहिला अंदाज ५ कोटी डॉलरांचा सांगितला. त्यांतच लुटारूंनीं हात धुवून घेऊं नयेत म्हणून फौजेचा पहारा बसवावा लागला.

या सर्व वृत्तांत आमच्या मनास जी गोष्ट सर्वांत अधिक झोंबली ती निराळीच आहे. एवढी मोठी आग विझविण्याचें साधन आपणांजवळ नाहीं, असें हेरातच्या सुभेदारांस उघडपणें कबूल करावें लागलें व इराणपाशीं मदत मागावी लागली. इराणनें ती दिली. शिवाय आपल्या बाजूचा दरवाजा उघडून पळणाऱ्या गाड्यांस आंत घेतलें. शेजारधर्म पाळल्याबद्दल इराणची तारीफ केली पाहिजे. परंतु ज्या देशानें आपल्या उंबरठ्यावर कर घेण्यासाठीं कचेरी बांधली, शिक्के केले, कारकून बसविले, त्यानें त्याच उंबरठ्यावर पाण्याची सोय करूं नये, हें कोणत्या राज्यनीतींत बसतें? परक्यांच्या परवानगीवांचून तेल नाहीं (इराणी इंधन आणण्यासाठीं अमेरिकेच्या निर्बंधांतून तेव्हां खास सवलत घ्यावी लागत होती) आणि परक्यांच्या मदतीवांचून पाणी नाहीं, अशा स्थितींत निशाण आपलें असून काय उपयोग?

पैसा नव्हता म्हणावें, तर तसेंही नाहीं. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत तालिबाननें इस्लाम कला काबीज केलें, तेव्हां या एकट्या नाक्याचें उत्पन्न दरमहा २ कोटी डॉलरांवर असल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे आगींत व्यापाऱ्यांचें जें नुकसान झालें, त्याएवढी रक्कम नाका अडीच महिन्यांत तिजोरींत टाकीत होता! त्यांतून चार बंब, एक पाण्याचें टांकें आणि धोक्याच्या मालासाठीं निराळें आवार इतकें होऊं शकलें नसतें काय? नाक्याची किंमत सर्वांसच ठाऊक होती. तो राखण्यासाठीं बंदुका घेऊन उभे राहणारे होते, घेण्यासाठीं बंदुका घेऊन चालून येणारेही होते. तेथें कमी होतें तें पाणीच.

यावर उत्तर ठरलेलें आहे: आग हा दैवी कोप, त्यास सरकार काय करणार? आम्हीं कायद्याचा अभ्यास केलेला असल्यामुळें हें उत्तर आम्हांस पुरतें परिचित आहे व त्याची योग्यताही ठाऊक आहे. वीज पडली तर दैव म्हणूं. पण शेंकडों टँकर चाकाला चाक लावून उभे करणें, हें दैवानें केलें काय? गाडीवान तर कागद मिळतांच निघून जावयास उत्सुक असतो. त्यास थांबवितो तो नाका. आमच्या इकडील १८७२ च्या कराराच्या कायद्यांत असें तत्त्व आहे कीं, दुसऱ्याचा माल ज्याच्या ताब्यांत आला त्यानें तो, शहाणा मनुष्य आपला माल जपतो तितक्या काळजीनें जपला पाहिजे. हें तत्त्व सरकारासही लागूं पडतें, असें आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं स्पष्ट सांगितलें. जुनागडच्या जकात अधिकाऱ्यांनीं कांहीं मोटारगाड्या अडकवून ठेवल्या होत्या. प्रकरणाचा शेवटचा निकाल लागण्यापूर्वींच त्या गाड्यांची विल्हेवाट लागली. मालकाशीं आमचा कांहीं करार नव्हता, ही सरकारची सबब न्यायालयानें मानली नाहीं. ताबा घेतला तेव्हांच जपणुकीचें ओझें आलें. गाड्या परत द्या, नाहीं तर किंमत द्या, असा न्याय झाला.

जप्त केलेली गाडी आणि नुसती रांगेंत थांबविलेली गाडी यांत भेद आहे, असें कोणी वकील म्हणेल. आम्हीही त्याच्या जागीं असतों तर म्हटलें असतें. आमच्या न्यायालयाचा हुकूम हेरातेंत चालत नाहीं, हेंही उघड आहे. परंतु न्यायाचें तत्त्व सरहद्दीवर येऊन संपत नाहीं. मनाई केल्याशिवाय गाडी हलवितां येत असेल तर ती मालकाच्या ताब्यांत. हलवितां येत नसेल तर ती थांबविणाराच्या ताब्यांत. ज्याच्या टँकरनें पहिला पेट घेतला त्याचा दोष निघाला तर तो त्यानें भरावा. पण मागच्या ५०० गाड्यांनीं कोणता अपराध केला?

मुंबईस हा धडा फार महाग किंमतीनें मिळालेला आहे. ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला. त्याच्या पोटांत सुमारें १४०० टन स्फोटक द्रव्यें आणि त्यांच्याच शेजारीं कराचीस भरलेल्या कापसाच्या गांठी होत्या! दारूगोळा व कापूस एकत्र ठेवावयाची बुद्धि ज्यांस झाली त्यांविषयीं अधिक काय लिहावें? शेंकडों माणसें मेलीं, वखारींच्या वखारी गेल्या. तथापि परक्या सरकारनेंही तेव्हां जबाबदारी नाकारली नाहीं. त्याच वर्षीं नुकसानभरपाईचा खास वटहुकूम निघाला आणि लोकांस पैसे मिळाले. त्या सरकारास युद्धासाठीं मुंबई बंदर हवें होतें, हें आम्ही विसरत नाहीं. हेतु कांहींही असो, जें परक्यांस करावें लागलें तें स्वकीयांस करतां येऊं नये, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस तरी होत नाहीं.

सरकारास एवढें बोलल्यावर व्यापारी वर्गासही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. आफ्रिकेंतील सोमालीलँडची राजधानी हर्गेसा. तेथील वाहीन नांवाचा मोठा बाजार ता. १ एप्रिल २०२२ च्या रात्रीं, रमजानच्या तोंडावर जळाला. सुमारें २००० दुकानें गेलीं. बंब होते, पण दुकानांच्या दाटीमुळें बोळांतून ते आंत शिरूं शकेनात. नगराध्यक्षांनीं नुकसान दीड ते दोन अब्ज डॉलरांचें सांगितलें. तेथील अध्यक्षांनीं मदत जाहीर केली ती १० लक्ष डॉलरांची. ज्या राज्यास त्या वेळीं संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सभासदाची मान्यता नव्हती, त्यास जागतिक पेढीचें कर्ज तरी कोठून मिळणार? पण बोळ अरुंद केले ते कोणीं? दोन हात पुढें फळी, फळीपुढें टोपली, टोपलीवर ताडपत्री: हा क्रम हर्गेशासच चालतो असें नाहीं. हें वाचतांना आमच्या कांहीं वाचकांची दृष्टि आपल्याच दुकानाच्या पायरीकडे गेली, तर आमचा लेख अगदींच फुकट गेला नाहीं असें आम्ही समजूं.

भरपाई द्यावयाची झाली तर प्रथम कोणास, याविषयीं आमचें मत ठाम आहे. मोठ्या अडत्यास विमा असतो, पत असते, दुसऱ्या गांवीं दुसरी वखार असते. कर्जानें गाडी घेऊन तिच्याच चाकाशेजारीं निजणाऱ्या गाडीवानाची गाडी जळाली म्हणजे त्याचें घर, धंदा व अब्रू ही एकदम जळतात. पंचनामा त्याच्यापासून सुरू व्हावा.

आमच्या देशांत २०१० च्या कायद्यानें सरहद्दीवरील व्यापारी नाक्यांसाठीं स्वतंत्र प्राधिकरण झालें आहे, आणि राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टांत अग्निशमन हें नगरपालिकांच्या कामांत घातलें आहे. कागदावर तरतूद आहे, हें पाहून स्वस्थ बसूं नये. अटारी असो, पेट्रापोल असो, कीं आमच्या गांवची बाजारसमिती असो, व्यापारी मंडळांनीं पुढील सभेंत तीन गोष्टींची लेखी मागणी करावी: ज्वालाग्राही मालास निराळें आवार, अशी गाडी किती तास थांबवितां येईल याची मर्यादा, आणि माल आंत घेतांच वजन व वेळ लिहिलेली सही-शिक्क्याची पावती. पावती मिळाल्यावर तिची नक्कल दुकानांत न ठेवतां घरीं ठेवावी, कारण दुकानाबरोबर वहीही जळते आणि मग दावा करावयास हातीं कांहींच राहत नाहीं.