विश्लेषण : मुलांच्या डोळ्यातील कर्करोगाच्या पेशी किरणांनी मरतात कशा?

मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत बाळाचा एक डोळा लाल आणि दुसऱ्याची बाहुली पांढरी दिसली, तर दोष कॅमेऱ्याचा समजून फोटो डिलीट करू नका. दृष्टिपटलाच्या कर्करोगाचे, म्हणजे रेटिनोब्लास्टोमाचे, ते पहिले लक्षण असू शकते. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले. वेळेत सापडला तर बहुतांश मुले वाचतात.

किरण पेशीला जाळतात का?

नाही. किरणांमुळे पेशीतील पाण्याचे रेणू फुटतात आणि त्यातून निघालेले मुक्त कण डीएनएवर आघात करतात. काही किरण थेट डीएनएवरच आदळतात. एक धागा तुटला तर पेशी तो सहज सांधते. दोन्ही धागे एकाच जागी तुटले की पंचाईत होते. मग ‘एटीएम’ हे प्रथिन धोक्याची सूचना देते, ‘पी५३’ सक्रिय होते. दुरुस्ती जमणार नसेल तर मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी बाहेर पडते, कॅस्पेस नावाची विकरे कामाला लागतात आणि पेशी स्वतःचेच तुकडे करते. हा अपोप्टोसिस. काही पेशी मात्र लगेच मरत नाहीत. तुटका डीएनए घेऊन विभाजन करायला जातात आणि तिथे संपतात.

निम्म्याच्या आसपास कर्करोगांत पी५३ बिघडलेले असते. इथे ते सहसा शाबूत असते, पण अनेक गाठींत ‘एमडीएमएक्स’ हे दुसरे प्रथिन वाढून त्याला दाबून ठेवते, असे २००६ मध्ये दिसून आले.

मग किरणोपचार कमी का झाले?

खरी मेख इथे आहे. आनुवंशिक प्रकारात शरीरातील प्रत्येक पेशीत ‘आरबी१’ जनुकाची एक प्रत आधीच बिघडलेली असते. बाहेरून किरण दिले तर वाटेतल्या निरोगी हाडांना, स्नायूंनाही ते लागतात आणि काही वर्षांनी तिथे दुसरा कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो. म्हणून १९९०च्या दशकापासून केमोथेरपीला पसंती मिळाली.

किरण हद्दपार झालेले नाहीत. डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर छोटी किरणोत्सारी चकती शिवतात आणि ठरलेली मात्रा पोहोचली की काढतात. तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी रुथेनियम-१०६ची चकती बनवली आहे, तीही अणुकचऱ्यातून वेगळ्या काढलेल्या रुथेनियमपासून. तिचे बीटा किरण काही मिलिमीटरच आत जातात. त्यामुळे आजूबाजूची हाडे वाचतात. पण गाठ मोठी असेल तर ही चकती पुरत नाही, आणि कधी कधी जीव वाचवण्यासाठी डोळाच काढावा लागतो.