दोन देशांचा फायदा, म्हणजे नेमका कोणाचा?

जपानमधल्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. त्याचा फोटो दर १४ एप्रिलला आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतो, आणि फिरावाच. पण त्याच दौऱ्यात मुख्यमंत्री जपानी गुंतवणूकदारांना आणि जायकाच्या, म्हणजे परदेशांना कर्ज देणाऱ्या जपानी सरकारी संस्थेच्या, अधिकाऱ्यांनाही भेटत होते, हे त्या फोटोखाली कोणी लिहीत नाही. तीनच महिन्यांनी शिंझो आबे दिल्लीला आले आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा करार झाला.

त्याआधीही हाच क्रम होता. ऑगस्ट २०१४ च्या अखेरीस पंतप्रधान मोदी आबेंसोबत क्योतोच्या तोजी बुद्धमंदिरात गेले. दुसऱ्याच दिवशी टोकियोत पाच वर्षांत साडेतीन लाख कोटी येन भारतात आणण्याचे ठरले. २०२२ मध्ये हा आकडा पाच लाख कोटी येनचा झाला, २०२५ मध्ये दहा वर्षांसाठी दहा लाख कोटींचा. सुरुवातीला व्यासपीठावर बुद्ध होता. ज्यांना नागपूरच्या दीक्षाभूमीवरच्या गर्दीचे वावडे आहे, त्यांना क्योतोतला बुद्ध चालतो, कारण तो बावीस प्रतिज्ञा घ्यायला सांगत नाही.

आपल्या तरुणांमध्ये यावर एक भाबडा सूर ऐकू येतो. जपान बौद्ध राष्ट्र आहे, तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे, तेव्हा जपानचा पैसा आला तर आपल्याला काय अडचण? अडचण जपानी माणसाची नाही. जपानमध्ये जन्मलेल्या भदंत सुरई ससाईंनी आपले आयुष्य नागपुरात आपल्या माणसांत घातले. ते नाते आम्ही मानतो. मात्र ते नाते कोणत्याही करारातून आलेले नाही, आणि करारातून आलेल्या कर्जाला त्या नात्याचा मुलामा लावू देण्याचे आपल्याला काही कारण नाही.

कर्जाला, व्यापाराला, गुंतवणुकीला काय विचारायचे, हे आपल्याला बाहेरून शिकायला नको. १९२३ मध्ये बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झाला. आपण या ग्रंथाचा उपयोग 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांमुळे' एवढे सांगण्यापुरता करतो आणि थांबतो. आत काय आहे? एकोणिसाव्या शतकात चांदी उतरत गेली, तसा पौंडासमोर रुपयाही उतरत गेला. निर्यातदार खूश होते. रुपया स्वस्त झाला की माल बाहेर जास्त खपतो, म्हणून यात देशाचा फायदा आहे, असे मोठमोठे लोक सांगत होते. बाबासाहेबांनी या वाक्यातला 'देश' उघडून पाहिला. रुपया पडला की देशात भाव चढतात, मजुरी मात्र त्या वेगाने चढत नाही. निर्यातदाराच्या खिशात जे जास्तीचे पडते, ते मजुराच्या ताटातून काढलेले असते. बाहेरून देशाला काही मिळालेले नसते. एका वर्गाचे दुसऱ्या वर्गाकडे गेलेले असते. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढेही ते विनिमय दराविषयी बोलले, तेव्हा हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

दोन देशांमधल्या व्यवहाराकडे पाहण्याची आंबेडकरी रीत ही आहे. 'भारत-जपान संबंध दृढ झाले' असे वाक्य वाचले की भारतातला कोण आणि जपानमधला कोण, हे आधी विचारायचे.

जपानशी आपला व्यापार जुना आहे, आणि त्याचा मुख्य धागा कापसाचा होता. १९३० च्या सुमारास स्वस्त जपानी कापडाने मुंबईच्या गिरण्यांना घाम फोडला. १९३३ मध्ये ब्रिटिशेतर कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली गेली. जपानच्या गिरण्यांनी उलट भारतीय कापसावर बहिष्कार टाकला आणि फटका कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला बसला. १९३४ चा करार झाला तो असा: जपानने दहा लाख गासड्या कापूस घ्यायचा, त्या बदल्यात साडेबत्तीस कोटी वार कापड इथे विकायचे. वर्तमानपत्रांसाठी ही दोन देशांची लढाई होती. पण त्या जकातीने जे वाचवले, त्या गिरणीच्या आत काय चालले होते? विणखात्यात मजुरी चांगली होती आणि तिथे आपल्या माणसाला मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, अस्पृश्याने ओढलेला धोटा सवर्ण कामगार कसा तोंडाला लावणार! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, तेव्हा वर्गाच्या एकीची भाषा करणारे पुढारी अवघडले होते. जकात राष्ट्रासाठी होती आणि राष्ट्राच्या विणखात्यात आपल्याला जागा नव्हती.

आता आजचे. बुलेट ट्रेनची लांबी ५०८ किलोमीटर, करार झाला तेव्हाचा अंदाजे खर्च १ लाख ८ हजार कोटी. त्यातले ८१ टक्के जायकाचे कर्ज. व्याज ०.१ टक्का, परतफेडीला ५० वर्षे, पहिली १५ वर्षे हप्ता नाही. २०१७ मध्ये अहमदाबादला पायाभरणी झाली तेव्हा हे कर्ज जवळजवळ फुकट असल्याचे सांगितले गेले. पण कर्ज येनमध्ये आहे आणि तिकीट रुपयात विकायचे आहे. १९८५ मध्ये एक येन पाच पैशांच्या आसपास मिळत होता. त्या वर्षी प्लाझा करार झाला, येन चढत गेला, इकडे रुपया पडत गेला, आणि १९९५ मध्ये तोच येन तीस पैशांच्या वर होता. म्हणजे दहा वर्षांत मुद्दलच सहापट. गेली काही वर्षे येन नरम आहे, ते खरे. पण पन्नास वर्षांच्या कर्जाचा हिशेब काही वर्षांच्या हवेवर कोणी करत नाही. ही जोखीम रेल्वेच्या डब्यात बसणाऱ्याची नाही, भारत सरकारची आहे. म्हणजे साबण घेताना कर भरणाऱ्या प्रत्येकाची आहे, त्यात गणेशपुरीच्या पाड्यावरची कातकरी बाईही आली.

भांडवलातला वाटा पाहा. महाराष्ट्राचे ५ हजार कोटी, गुजरातचेही ५ हजार कोटी. बारा स्थानकांपैकी महाराष्ट्रात चार, गुजरातेत आठ. यावर मराठी अस्मितेचे पक्ष पुष्कळ बोलले, म्हणून आम्ही इथेच सोडतो. महाराष्ट्राला आठ स्थानके मिळाली असती तरी आमचा प्रश्न तसाच राहिला असता.

या गाडीची ठाण्याची कारशेड आमच्याच भिवंडी तालुक्यात, अंजूर-भरोडीला होते आहे. पुढे मार्ग वसई ओलांडून पालघरच्या आदिवासी पट्ट्यातून जातो. जमीन घेताना पहिला कागद असतो सातबारा. त्यावर नाव असेल तो थेट बाधित ठरतो. नाव नसेल त्याला आपण इथे राहत होतो, इथे कसत होतो, हेच आधी सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रात कातकरी ही आदिम जमात म्हणून नोंदलेली आहे, आणि कितीतरी कातकरीवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. घर त्यांचे, खालची माती सावकाराची. आम्ही जातीचे दाखले आणि वनहक्काचे दावे भरायला पाड्यांवर बसतो तेव्हा आजोबांच्या जन्माचा पुरावा मागितला जातो. ज्या आजोबांना वीटभट्टीच्या मालकाने उचल देऊन बांधून ठेवले होते, त्यांचा पुरावा कुठून आणायचा?

याच मार्गावर विक्रोळीत गोदरेज अँड बॉइसचीही जमीन गेली. तिची भरपाई २६४ कोटी ठरली. कंपनीने निवाड्याला आव्हान दिले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयात ती हरली. हरली, पण तिचे म्हणणे ऐकले गेले आणि ते निकालपत्रात नोंदलेही गेले. कातकऱ्याला हरण्यासाठीही न्यायालयापर्यंत पोचता येत नाही.

आम्ही समाजशास्त्र शिकलो, त्यामुळे एका गोष्टीची चीड जास्त येते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम मूल्यांकनाची तरतूद आहे. कोण राहते, कशावर जगते, जमीन गेल्यावर त्याचे काय होईल, हे विचारण्याची कायद्यातली ती जागा. २०१८ मध्ये महाराष्ट्राने या कायद्यात दुरुस्ती केली आणि काही प्रकारच्या प्रकल्पांना या मूल्यांकनातून सूट देण्याची वाट मोकळी केली. गंमत अशी की, कर्ज देणाऱ्या जायकाच्या स्वतःच्या मार्गदर्शक सूचना याहून पुढे आहेत. आदिवासींवर परिणाम होणार असेल तर त्यांच्याशी मुक्तपणे, आधी आणि पूर्ण माहिती देऊन सल्लामसलत व्हावी आणि त्यांची संमती मिळवण्याचा प्रयत्न व्हावा, असे २०१० च्या सूचनांत लिहिले आहे. सावकाराच्या वहीत जे लिहिले आहे तेवढेही आपले सरकार मागत नाही.

गणेशपुरीला परदेश नवा नाही. नित्यानंदांची समाधी, गरम पाण्याची कुंडे, शेजारी वज्रेश्वरी. १९७० च्या दशकापासून इथे अमेरिका-युरोपातले भक्त येत आहेत. परकीय चलन या गावाने मोठमोठ्या महामार्गांच्या आधी पाहिले. ते आले आणि जातीच्या उतरंडीवरून खाली ओघळले: वर जमीन, त्याखाली खोल्या आणि दुकाने, त्याखाली रिक्षा, आणि सगळ्यात खाली झाडू. परदेशी माणूस हे ठरवत नाही. तो येतो तेव्हा उतरंड लागलेलीच असते. म्हणून 'परकीय गुंतवणूक जात पाहत नाही' हे वाक्य अर्धवट आहे. ती पाहत नसेल, पण ज्याच्या हातात ती पडते तो पाहतो.

भिवंडीच्या गोदामांत हेच मोठ्या आकारात दिसते. मुंबईची जकात चुकवण्यासाठी हद्दीबाहेर गोदामे उभी राहिली, २०१७ ला जीएसटी आल्यावर त्यांचे राज्य झाले, आणि आता त्यांत परदेशी फंडांचा पैसा आहे. शेतजमिनीच्या मालकाला भाडे मिळते. गावातल्या वजनदार घराला वाहतुकीचा आणि मजूर पुरवण्याचा ठेका मिळतो. आमच्या अभ्यासवर्गातली पोरे पहाटे टेम्पोत उभी राहून जातात, पेट्या उचलतात, हातात स्कॅनर घेऊन बारा तास चालतात. त्यातला एक बी.कॉम. आहे. त्याला विचारले, मालक कोण? तो ठेकेदाराचे नाव सांगतो. गोदाम कोणाचे, माल कोणाचा, पैसा कोणत्या देशाचा, त्याला माहीत नाही, आणि ते त्याला माहीत नसणे हाच या ठेक्याचा उपयोग आहे. सरकारी कंपनीच्या कायम पदांना आरक्षण लागू होते, ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकाला होत नाही. बुलेट ट्रेन सरकारी कंपनी बांधते, पण प्रत्यक्ष खांब आणि बोगदे ठेकेदार बांधतात. आरक्षण तिथेच संपते.

आता कोणी म्हणेल, मग काय, उद्योग नकोत? बाबासाहेबांनी १९१८ मध्येच भारतातल्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधात सांगितले होते की शेतीवर जास्तीची माणसे लादलेली आहेत, त्यांना उद्योगात काम मिळाले पाहिजे. खेड्याला त्यांनी कधी डोक्यावर घेतले नाही. आम्हीही घेत नाही. पाड्यावरचा पोरगा पाड्यावरच राहावा असे म्हणणारे पर्यावरणवादी आम्हाला जवळचे वाटत नाहीत. रेल्वे हवी, कारखाना हवा, परदेशी भांडवलही येऊ दे. पण अटी कोणी घातल्या, आणि अटी घालताना आपला कोण त्या टेबलावर होता? १९३४ ला कोणी नव्हता. २०१५ लाही कोणी नव्हता, फक्त पुतळा होता.

म्हणून कामाचे बोलू. जायकाकडे हरकत नोंदवण्याची रीतसर प्रक्रिया आहे आणि बाधित भागातले दोन रहिवासी मिळूनही ती वापरू शकतात. ज्या वाडीचे नाव सातबाऱ्यावर नाही, तिथल्या रहिवाशांची यादी आपण करायची: घर, किती वर्षे, मतदार यादीतला क्रमांक, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जे मिळेल ते. अंजूरपासून वसईपर्यंतच्या कार्यकर्त्यांनी आपापली गावे वाटून घ्यावीत. गोदामात जाणाऱ्यांनी पगाराची पावती, पीएफचा क्रमांक आणि गोदामाच्या पाटीचा फोटो जपून ठेवावा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालक जबाबदार असतो, पण त्याचे नाव तरी आपल्याला माहीत हवे.

आणि एक पत्र कोयासान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना लिहायचे आहे. ज्यांच्या आवारात बाबासाहेब उभे आहेत, त्यांना त्यांच्या देशाच्या पैशाने बांधल्या जाणाऱ्या रुळांच्या वाटेवर कोण राहते, हे कळू दे. मराठी मसुदा तयार आहे. आपल्यातला कोणी पुण्यात-मुंबईत जपानी शिकत असेल, तर त्याने किंवा तिने भाषांतर हातात घ्यावे. कातकरी म्हणजे कोण, हे एका परिच्छेदात जपानीत कसे सांगायचे, इथे आमचे अडले आहे.