गॅस भरण्याआधी मीटर लावा

रीफर गाडीचं कूलिंग कमी झालं की मालकाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो गॅस. 'गॅस संपला असेल, भरून टाका.' पण गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. शिवाय गॅस भरायला आणलेल्या कितीतरी गाड्यांत खरा दोष विजेचा निघतो. टर्मिनल सैल झालेलं असतं, अर्थची पट्टी कुजलेली असते, नाहीतर पंख्याचा रिले चिकटलेला असतो. म्हणून गाडीमालकांना, ड्रायव्हरबंधूंना आणि पॅकहाऊसवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की विजेची तपासणी आधी करा आणि ती हंगाम सुरू होण्यापूर्वी करा.

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतची निर्यातीची द्राक्षं पॅकहाऊसमध्ये शून्य अंशाच्या आसपास थंड करून कंटेनरमध्ये भरतात. तिथून कसारा घाट उतरून न्हावा-शेवा बंदरापर्यंत ट्रेलरवरच्या जनरेटरनेच त्यांना थंड ठेवायचं असतं. थंड माल थंड राखणं हे कंटेनरचं काम. तापलेला माल पुन्हा झटपट थंड करण्याची ताकद त्यात नसते. घाटात वाहतूक तुंबली आणि त्याच वेळी जनरेटर बंद पडला तर पेटीत दव धरतं. पेटीतले सल्फरचे कागद ओले झाले की एकदम जास्त वायू सोडतात, मण्यांवर पांढरट डाग पडतात. शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत अशी एखाद्या सैल नटापायी वाया जाते.

सुरुवात बॅटरीपासून करा. रात्रभर उभ्या राहिलेल्या युनिटच्या बॅटरीला सकाळी मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण भरलेली आहे. 12 च्या खाली आला तर ती जवळजवळ रिकामी आहे. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा साधारण 13.8 ते 14.4 च्या दरम्यान दिसला पाहिजे. दिसत नसेल तर अल्टरनेटरचा बेल्ट आणि त्याच्या वायरी बघा. 24 व्होल्टच्या गाडीत हे आकडे दुप्पट धरा.

बॅटरी चांगली, तरी सेल्फ मरगळल्यासारखा फिरतो, अशी तक्रार नेहमी येते. मग नवी बॅटरी घेतली जाते आणि महिन्याभरात तीच रड सुरू होते. अशा वेळी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा, खांबावर म्हणजे क्लिपवर नव्हे. दुसरी पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर वीज अर्थच्या वाटेवर अडते आहे. केबल वरून धडधाकट दिसते, पण टोकाच्या लगजवळचं रबर थोडं सोलून पाहा, आत तांब्याचा हिरवा भुगा निघेल. मिरकरवाड्याहून किंवा ससून डॉकवरून मासळी वाहणाऱ्या गाड्यांत तर हे हमखास सापडतं, कारण खारी हवा आणि मासळीचं पाणी तांबं खातं. लग बदला, जोड घासून घट्ट करा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. हे काम नव्या बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्तात होतं.

गाडी धुताना प्रेशरचा पाइप कंट्रोल बॉक्सवर आणि कनेक्टरांवर मारू नका. जीपीएस, मोबाइलचा चार्जर, केबिनचा पंखा यांच्या वायरी रीफरच्या बॅटरीवरून ओढू नका. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार कधीही, अगदी 'फक्त नाशिकपर्यंत' म्हणूनसुद्धा, घालू नका. गाडीच्या भिंतीत पफ भरलेला असतो. तो पेटला तर धूर विषारी असतो आणि विझवायला वेळ मिळत नाही. फ्यूज उडतो तो बहुतेक वेळा पुढे कुठेतरी वायर घासली म्हणून. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथलं रबरी बूच निघालं आहे का, ते आधी बघा.

पॅकहाऊसवाल्यांनो, कंटेनर तुमच्या थ्री फेजवर लागतो तेव्हा जिवाशी गाठ असते. चार पिनांचा तो प्लग चालू लोडवर उपटला की ठिणगी पडते आणि पिना जळतात. आधी युनिट बंद करा, मग ब्रेकर पाडा, मगच प्लग काढा. ओल्या हाताने, पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही. विहिरीवरच्या मोटारीला तुम्ही प्रिव्हेंटर बसवता, कारण एक फेज गेला की मोटार जळते. स्टँडबाय मोटारवर चालणाऱ्या गाडीलाही तोच धोका आहे, तेव्हा तिच्या बोर्डावरही प्रिव्हेंटर बसवा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, कारण नुसती वायर जमिनीत खोचली म्हणजे अर्थिंग होत नाही.

ऑटोवर ठेवलेलं युनिट न सांगता आपोआप सुरू होतं. बेल्ट किंवा पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तेव्हाही बॅटरी सोडवा, कंट्रोलरचे कनेक्टर काढा, नाहीतर महागडं कार्ड जळेल.

मालकांनी प्रत्येक गाडीत एक साधा मल्टिमीटर आणि एक वही ठेवावी, ड्रायव्हरला तो वापरायला शिकवावं आणि त्याने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा. माल भरण्याच्या आदल्या दिवशी बॅटरी, चार्जिंग आणि सेल्फच्या वेळचा आकडा वहीत लिहा. यातला एक जरी आकडा जुळत नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीत माल भरू नका.