डाग पुसा, चेहरा घडवू नका

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. कराडला कोयनेला पोटात घेऊन आलेल्या त्या पाण्याने सातारा-सांगलीच्या नदीकाठी धान्य, कागदपत्रे नेली; ट्रंकेतले अल्बम आणि भिंतीवरच्या तसबिरीही भिजवल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. असा एखादा आजोबांचा एकुलता एक फोटो स्टुडिओत येतो, तेव्हा भिस्त असते संगणकातल्या हीलिंग ब्रशवर. आणि ‘ब्रश नीट चालत नाही’ अशी तक्रार हमखास होते.

बहुतेकदा ब्रश बिघडलेला नसतो; त्याचे काम समजून घेतलेले नसते. क्लोन स्टॅम्प एका जागेचे ठिगळ जसेच्या तसे दुसरीकडे लावतो. फोटोशॉपमध्ये २००२ साली आलेला हीलिंग ब्रश घेतलेल्या जागेचा पोत उचलतो, रंग आणि उजेड मात्र डागाच्या भोवतालचा घेतो. म्हणून गालावरचा ठिपका सहज विरतो. पण डाग फेट्याला लागून असेल तर फेट्याचा गडद रंग कपाळावर ओघळतो. अशा वेळी काठ नेमका धरून आधी तेवढाच भाग सिलेक्ट करावा, किंवा काठापुरता क्लोन स्टॅम्प वापरावा. नव्या लेयरवर ब्रश फिरवून काहीच उमटत नसेल, तर ‘सॅम्पल’मध्ये फक्त चालू लेयर निवडलेला असतो, आणि तो रिकामा असतो. तिथे ‘करंट अँड बिलो’ निवडले की काम सुरू होते. वेगळ्या लेयरवर काम केले की मूळ फोटोही शाबूत राहतो.

हीलिंग ब्रश फसला की ते डोळ्यांना दिसते. खरा धोका न फसणाऱ्या साधनांचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधने असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेली असतात. पाण्याने डोळा पुसला गेला असेल, तर ती तिथे शोभेल असा डोळा बसवतात. तो कुणाचाही असेल, आजोबांचा नसतो. फोटो मात्र लख्ख दिसतो आणि घरचे हरखून जातात.

यात बिघडले काय? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात २० जणांना लहानपणच्या खऱ्या फोटोंमध्ये मिसळून एक बनावट फोटो दाखवला. त्यात ते गरम हवेच्या फुग्यात बसलेले होते. तसे कधी घडलेच नव्हते. तरीही तीन मुलाखतींनंतर निम्म्या जणांना तो प्रसंग थोडाफार किंवा पुरता ‘आठवू’ लागला. भिंतीवर रोज दिसणारा परका डोळाही असाच आठवणीत घुसेल. ज्या नातवाने आजोबांना पाहिलेच नाही, त्याच्यासाठी तर तोच खरा ठरेल.

म्हणून काही पथ्ये पाळायला हवीत. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. तो भिजून फुगतो आणि वाळताना काचेला घट्ट धरतो. असा फोटो ओढून काढू नये, काचेसकट स्कॅन करावा. बुरशी आली असेल तर मास्क, हातमोजे घालावेत. पहिला स्कॅन कधीही बदलू नये. डाग, चिरा, भेगा खुशाल पुसाव्यात. चेहऱ्याचा गेलेला भाग मात्र यंत्राच्या कल्पनेवर सोडू नये.

श्राद्धाच्या दिवशी हार घालायला पूर्ण चेहरा हवा, ही इच्छा चुकीची नाही. त्यासाठी आधी माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातल्या पाहुण्यांना विचारावे. त्यांच्या लग्नाच्या अल्बमात तेच आजोबा कोपऱ्यात उभे असतील. तो डोळा खरा असेल. तेही नसेल आणि चेहरा भरायचाच असेल, तर फोटोच्या मागे पेन्सिलीने एक ओळ लिहावी : डावा डोळा नव्याने घातला आहे. एवढा प्रामाणिकपणा पुढच्या पिढीला पुरेसा आहे.