शिशाचा व्यापार आणि अमिरातीचे बंदर

पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची चाल जगातून गेली. भारताने ते सन २००० मध्ये बंद केले, संयुक्त अरब अमिरातीने २००३ मध्ये, आणि सर्वांत शेवटी अल्जीरियाने जुलै २०२१ मध्ये. पण म्हणून शिशाचा धोका टळला असे कोणी समजू नये. आज जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी सुमारे ८५ टक्के शिसे बॅटऱ्यांत जाते. मोटारीच्या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचाच असतो. बॅटरी जुनी झाली तरी त्या शिशाला भाव असतो, आणि जिथे भाव तिथे व्यापार आलाच.

या व्यापाराच्या वाटेवर दुबईचे जेबेल अली हे मोठे ठाणे आहे. हे बंदर १९७९ मध्ये सुरू झाले आणि १९८५ मध्ये त्याला लागून मुक्त व्यापार क्षेत्र उभे राहिले. एका देशाचा माल येथे उतरतो आणि दुसऱ्या देशाकडे निघतो. आपल्या दृष्टीने नवी गोष्ट अशी की, मॉरिशस आणि अमिराती यांच्यात जुलै २०२४ मध्ये व्यापार करार झाला व १ एप्रिल २०२५ पासून तो अमलात आला. अमिरातीने आफ्रिकेतील देशाशी केलेला असा हा पहिलाच करार. त्याने अनेक मालांवरील जकात उतरते, ही चांगलीच गोष्ट आहे.

मात्र जकात उतरली म्हणजे सगळेच नियम सैल झाले असे नव्हे. घातक कचऱ्याच्या ने-आणीबद्दल १९८९ मध्ये बाझेल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. आपला देश आणि अमिराती दोघेही त्याला बांधलेले आहेत. त्या करारात वापरून टाकलेली शिशाची बॅटरी घातक कचऱ्यात मोडते. ती बाहेर पाठवायची तर माल घेणाऱ्या देशाची, तसेच वाटेत लागणाऱ्या देशाची लेखी संमती आधी मिळवावी लागते. बेकायदा पाठविलेला माल परत नेण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर पडते.

खरी गोम आहे ती नावात. शिशाची स्वच्छ मोड घातक कचऱ्यात धरली जात नाही, बॅटरी मात्र धरली जाते. तेव्हा कागदावर ‘शिशाची मोड’ असे लिहून आत बॅटऱ्या भरण्याचा मोह लबाड व्यापाऱ्याला होणारच. जगभरच्या जकात खात्यांच्या यादीत २०२२ पासून जुन्या बॅटऱ्यांना स्वतंत्र क्रमांक आहे. त्यामुळे पकडणे सोपे झाले, पण कंटेनर उघडून पाहणारा माणूस हवाच. रोज हजारो पेट्या हाताळणाऱ्या बंदरात प्रत्येक पेटी उघडणे शक्य नाही. म्हणून पहिली तपासणी माल निघतो तेथे, म्हणजे पोर्ट लुईला झाली पाहिजे.

हा केवळ कागदांचा घोळ नव्हे. सेनेगालमध्ये डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर या वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढीत. त्या धुळीने २००७-०८ मध्ये १८ मुले दगावली. शिशाचे रक्तातील अमुक प्रमाण निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. सर्वांत जास्त मार बसतो तो लहान मुलांच्या मेंदूला.

जुनी बॅटरी घराबाहेर गेली की सुंठीवाचून खोकला गेला, असे आपल्याला वाटते. पण ती कोठे तरी फुटणार, आणि तेथेही कोणाची तरी मुले खेळत असणार. तेव्हा वाचकहो, दोन पैसे जास्त देणाऱ्या फिरत्या भंगारवाल्यापेक्षा नवी बॅटरी घेतो त्या दुकानातच जुनी परत करावी. आपल्यापैकी जे अमिरातीशी व्यापार करू पाहतात, त्यांनी जकातीच्या सवलतीबरोबर संमतीचा कागदही आधी पाहावा. नवा करार आपल्या फायद्याचा ठरो, पण दुसऱ्याच्या अंगणात विष टाकून नव्हे.