हसण्याची परीक्षा नको

शाळेत चार्ली चॅप्लिनचा चित्रपट दाखवायचा आणि दिवे लागताच मुलांच्या हाती कागद द्यायचा: ‘या चित्रपटापासून मिळणारे पाच बोध लिहा.’ ही रीत आता मोडली पाहिजे.

असे करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका नाही. मुलांनी ‘नुसते हसू नये’, काही घ्यावे, ही तळमळ त्यामागे असते. परंतु नुसते हसणे असे काही नसतेच. मूल कोणाला हसते, यावर त्याचा विवेक घडतो. तोतऱ्या सोबत्याला हसणारा वर्ग आणि उन्मत्ताच्या फजितीला हसणारा वर्ग यांतील अंतर पाच बोध लिहून कळत नाही.

‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) घ्या. जेवणाच्या सुटीतील वेळ वाचावा म्हणून कामगाराला यंत्राकडून भरविण्याचा प्रयोग होतो. यंत्र बिघडते, मक्याचे कणीस गरगरत त्याच्या तोंडावर आदळू लागते. शेवटी मालक यंत्र नाकारतो, तेही माणसाचे हाल पाहून नव्हे, तर ते व्यवहार्य नाही म्हणून! येथे चित्र थांबवावे आणि एकच प्रश्न विचारावा: आपण हसलो ते कोणाला? कामगाराला, यंत्राला की मालकाला? मग दोघातिघांनी तो प्रसंग मूकपणे करून दाखवावा. यंत्र झालेल्या मुलाला समोरच्याची भूक पाहण्याची मुभा नसते. ते त्याला जे जाणवेल, ते कागदावर उतरले नाही तरी चालेल.

बस्टर कीटनच्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते, उघड्या खिडकीच्या जागी तो उभा असल्याने वाचतो. पटांगणात फक्कीने भिंत व खिडकी आखून त्याची जागा मुलांना शोधू द्यावी. विनोदाला किती काटेकोर शिस्त लागते, हे भूमितीच सांगेल.

हे सारे धर्मशिक्षणाला परके वाटणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. ‘मॉडर्न टाइम्स’ आला त्याच वर्षी पोप पायस अकरावे यांनी ‘विजिलांती कूरा’ या परिपत्रकातून चित्रपटांच्या प्रभावाबाबत सावध केले होते. पुढे १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग. ‘मॉडर्न टाइम्स’ तीत आहे, आणि तो आहे ‘कला’ या विभागात.

जे व्हॅटिकनला कला म्हणून पाहता आले, त्याचे आपण बोधवचन का करावे? कलेला कला म्हणून भेटले की मूल्य आपल्या पायांनी चालत येते. तेव्हा, शिक्षक बंधुभगिनींनो, कागद कपाटातच राहू द्या. मुलांशेजारी बाकावर बसा आणि आधी स्वतः मनमुराद हसा.